हृदय उजवीकडे

रविवार, ८ जानेवारी १९६७. सकाळ.

मराठी समीक्षेवर आज भज्यांनी आक्रमण केलं. नव्या डायरीची सुरुवात या दुःखाने करावी लागतेय.

नाथाच्या हॉटेलाबाहेरच्या फळ्याचा वरचा पाऊण भाग गेली दोन वर्षं माझ्या सिनेमा-परीक्षणासाठी राखीव आहे. खालच्या पाव भागात नाथा खायला काय आहे ते लिहितो. आज जाऊन बघतो तर वर 'गरम मूगभजी', एवढी मोठी अक्षरं, आणि मला खाली पायपुसण्याएवढी जागा. जाब विचारला. नाथा म्हणे, महिपतभाऊ, भजी वाचून माणूस आत येतो, तुमचं वाचून माणूस घरी जातो. निषेध म्हणून दुसरा चहा घेतला नाही. नंतर घेतला. निषेध नोंदवला गेला होता.

संकल्प: यंदा दर शनिवारी सिनेमा, दर रविवारी परीक्षण, डिसेंबरात पुस्तक. सिनेमाचं नाव कुठेही लिहायचं नाही. फुकट जाहिरात करायला मी पोस्टर नव्हे. तंबूत एका वेळी एकच सिनेमा असतो, गावाला कळतं.

पायपुसण्यावर आज एवढंच मावलं: 'डॉक्टर डाव्या हाताने ऑपरेशन करतो. पेशंटचं हृदय उजवीकडे तपासतो. तरी पेशंट वाचतो. पाहू नये.'

रविवार, २२ जानेवारी.

पुस्तकाला प्रस्तावना लागेल म्हणून माझी पद्धत इथे टिपून ठेवतो.

आमचा तंबू दिवाळीनंतर मिठागराच्या कडेला लागतो. पडदा तंबूच्या मधोमध टांगतात. मशीन पुढच्या बाजूला, तिथे खुर्च्या, बारा आणे. पडद्याच्या मागच्या बाजूला नुसती जमीन, चार आणे. पडद्यावर पाणी मारतात, त्यामुळे चित्र आरपार येतं आणि मागूनही दिसतं.

मी मागे बसतो. पैशाचा प्रश्न नाही, मी मिठाच्या पेढीवर हेडक्लार्क आहे. पण पुढे सगळी कुटुंबं. शेंगा, रडारड, भावजयांच्या गप्पा. परीक्षकाला एकांत लागतो. मागे मी आणि मिठागरातले चार मजूर, ते झोपायला येतात. दारावर पालीचा व्हिक्टर तिकीट फाडतो. दर शनिवारी तेच म्हणतो, भाऊ, पुढं जागा हाय, मागं कशाला बसता, सरळ बघायला काय होतंय. मी सांगितलं, सरळ सगळेच बघतात. त्याने मान हलवली. कळलं नसावं.

सुरुवातीची नावं मी बघत नाही, मुद्दाम पाच मिनिटं उशिरा जातो. नावं पाहिली की मत बाटतं. शेवटच्या पाटीआधी निघतो. गर्दी.

बायको होती, मंदा, तेव्हा आम्ही पुढे बसायचो. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा मी परीक्षणं लिहीत नव्हतो.

कालचा डाकूचा. डाकू डावरा असतो हे मान्य, शेवटी गुन्हेगार. पण आईच्या हातची भाकरी डाव्या हाताने खातो आणि आई बघत बसते? माझ्या आईने पळी फेकून मारली असती. 'पाहू नये' लिहिलं. संध्याकाळी हाऊसफुल. म्हणजे लोक वाचतात.

रविवार, ५ फेब्रुवारी.

महत्त्वाचा शोध. आपल्या सिनेमाला ग्रहण लागलंय आणि ते कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.

पुरावे. कालच्या सिनेमात हिरोचं घड्याळ उजव्या मनगटावर. मोटारीचं चाक डावीकडे, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे अमेरिकेची नक्कल. हिरोईनचा पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे पैसा गुजराती शेटचा. शेवटी ती पत्र लिहून घर सोडते. पत्र पडदाभर दाखवलं, मला एक अक्षर लागलं नाही. मोडी असावी. बी.ए. झालेली बाई नवऱ्याला मोडीत पत्र लिहिते, नवराही घडाघडा वाचतो आणि रडतो. डाव्या हाताने डोळे पुसत.

मुंबईच्या एका सिनेमासाप्ताहिकाला चार पानी पत्र टाकलं. मथळा: 'डावरेपणाची साथ'.

नाथा म्हणतो, पदर उजवा की डावा ते तुम्ही बघता, आम्ही पदर बघतो. या माणसाच्या फळ्यावर मला संस्कृती जपायचीय.

शनिवार, १८ फेब्रुवारी. दुपार.

साप्ताहिकाचं उत्तर नाही. विचार करत असतील.

रविवार, १९ फेब्रुवारी.

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

आज फळ्यासमोर सुगंधाबाई उभ्या होत्या. मोरव्याच्या शाळेत चौथीला शिकवतात, चाळिशीच्या आहेत, एकट्या राहतात. हातात वही. माझं परीक्षण वहीत उतरवून घेत होत्या. शब्द न् शब्द. मधेच हसल्या. वही पिशवीत घालून गेल्या.

नाथा आतून ओरडला, बाई हसल्या हो महिपतभाऊ, आणि सिनेमा तर रडायचा होता. मार्मिक लिहिलं की वाचक हसतो, हे भजी तळणाऱ्याला कोण सांगणार. नाथाला दुसऱ्या गिऱ्हाइकांशी बोलू दिलं आणि हळूच बाहीने 'मूगभजी' पुसली. जागा पुरली पाहिजे.

संकल्प: रविवारी इस्त्रीचा शर्ट. अक्षर गोल.

रविवार, १२ मार्च.

आज त्या बोलल्या. म्हणाल्या, महिपतराव, तुमची परीक्षणं मी चौथीला घेते, मुलं सोमवारची वाट बघतात. मी म्हटलं, हो का. दोन वर्षं जिभेला धार लावली आणि ऐन वेळी 'हो का'.

त्या सिनेमाला पुढे बसतात, शिवण शिकवणाऱ्या कॉनी टीचरबरोबर. पडदा मधे असल्यामुळे इतके दिवस दिसल्या नाहीत. एकाच तंबूत, पन्नास फुटांवर.

परत येताना रस्ता चुकलो. बावीस वर्षं राहतोय इथे. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारचे राघोभाऊ गावी गेलेत, दाराला कुलूप. म्हणून डायरीत लिहिलं.

त्या म्हणाल्या, मुलं सोमवारची वाट बघतात. हे दुसऱ्यांदा लिहितोय, ठाऊक आहे.

रविवार, २ एप्रिल.

ठरवलं. बाईंना एक सिनेमा माझ्यासोबत बघायला बोलवायचं. हेतू शुद्ध साहित्यिक. आपल्या लेखकाची बैठक कुठे असते ते वाचकाने पाहिलेलं बरं. शिवाय दर वेळी मजुरांच्या घोरण्याशी काय चर्चा करणार.

सकाळी नऊपासून हॉटेलात. बाई दहाला आल्या. मी विचारलं, शाळेत खडू कुठला वापरता. त्यांनी सांगितलं. निघून गेल्या.

रविवार, ९ एप्रिल.

बाई आल्या. आज खडूचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेलो होतो. डस्टरचा काढला.

पाच चहा झाले. नाथा म्हणाला, एवढ्यात तर नवरदेव बोहल्यावर चढून उतरतो. त्याच्याशी अबोला. उद्यापर्यंत.

शनिवार, १५ एप्रिल. संध्याकाळ, तंबूला जाण्याआधी.

व्हिक्टर रस्त्यात भेटला. म्हणाला, भाऊ, एकोणतीस तारखेला लास्ट शो, मग तंबू उचलायचा, पुढल्या साली येईल का मालकालाच ठावं न्हाय. म्हणजे तीन शनिवार उरले. आजचा धरून. आजचा धरायचा नाही, शर्ट धुवायला टाकलाय.

रविवार, २३ एप्रिल.

विचारलं.

एका दमात विचारलं, भज्यांच्या कढईकडे बघत. शेवटच्या सिनेमाला सोबत याल का. बाई लगेच म्हणाल्या, अहो मग काय, आम्ही दोघी आहोतच, तुमचंही तिकीट मी काढून ठेवते, शेवटच्या दिवशी खुर्च्या मिळत नाहीत, मधे पिशवी ठेवून जागा धरते.

म्हणजे पुढची जागा. बारा आण्यांची. बाईंना माझी पद्धत माहीत नाही. हरकत नाही. त्यांनाच मागे आणायचं. एकदा मागून बघितलं की पुढे कोण जातंय.

मागे टाकायला घोंगडी वाळत घातली. पुस्तकाला प्रस्तावना बाईंची घ्यावी. नंतर दर शनिवारी कुठे ना कुठे, बोरिवलीला वगैरे, सिनेमा असतोच. चर्चा करत परत यायचं. घरात दुसरी कपबशी आहे, कान गेलेली. नवी आणावी.

रविवार, ३० एप्रिल.

आज फळ्यावर काही लिहिलं नाही.

जन्मात पहिल्यांदा वेळेवर गेलो. बाई आणि कॉनी टीचर पुढच्या दारापाशी होत्या. मी माझ्या पद्धतीवर थोडं बोललो. पाठ केलं होतं. बाई म्हणाल्या, बघू तरी तुमची खास जागा, एक रीळ बसते. कॉनी टीचर जागा सांभाळायला पुढे गेल्या. आम्ही मागे. घोंगडी अंथरली. व्हिक्टरने बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिकीट न फाडताच सोडलं.

दिवे गेले. नावं सुरू झाली.

मी म्हटलं, बघा, पुन्हा मोडी.

बाई जरा वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, महिपतराव, मोडी कुठली, ही देवनागरीच आहे, आपण पडद्यामागे बसलोय म्हणून उलटी दिसते, आरशात दिसते तशी.

मी बघितलं. पहिलं अक्षर उलटं करून वाचलं. दुसरं केलं. तिसऱ्याला थांबलो.

डॉक्टर. डाकू. भाकरी. पदर. चार पानी पत्र.

बाई हसत होत्या, पण वाईट नव्हे. म्हणाल्या, काय पण तुम्ही, अजून गंमत चालूच आहे. मी वर्गात फळ्यावर तुमचं परीक्षण लिहिते आणि सांगते, महिपतकाका मुद्दाम पडद्यामागून बघून लिहितात, आता डावं तिथे उजवं करा. पोरं लोळतात हसून. डावं-उजवं चुकणारं एक पोर राहिलं नाही वर्गात. कसं सुचतं हो तुम्हाला.

मी म्हटलं, मुद्दामच. अर्थात मुद्दाम.

रीळ संपलं, दिवे लागले. बाई उठल्या. म्हणाल्या, चला पुढे, कॉनी एकटी आहे, जागा धरलीय तुमची. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, घोंगडी आवरून आलोच.

घोंगडी आवरली. दोनदा उठलो. पहिल्यांदा पायाला मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्यांदा सिनेमा सुरू झाला होता, लोकांच्या मधून जायचं म्हणजे सगळे वळून बघणार. इंटरव्हलला जायचं ठरवलं. इंटरव्हलला तहान लागली.

सिनेमा विनोदी होता. पुढे शंभर माणसं एकदम हसत होती. पडदा ओला, पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. त्यातलं एक हसणं बाईंचं असेल, कुठलं ते कळेना. मागे एक मजूर जागा झाला, हसलो म्हणून माझ्याकडे बघून परत झोपला.

पहिल्यांदाच शेवटची पाटी बघितली. उलटी.

बाहेर गर्दी होती. दिसल्या नाहीत. खरं म्हणजे मी दुसऱ्या बाजूने निघालो.

सोमवार, १ मे. सुट्टी.

परीक्षणात खोट निघाली असं मी मानत नाही. मागून जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. तरी पुस्तकाचा विचार पुढल्या वर्षी.

सकाळी मोरव्याला गेलो. बाईंच्या दाराला कुलूप. शाळेला सुट्टी लागली, पहिल्या गाडीने पेणला भावाकडे गेल्या, जूनमध्ये येतील, असं शेजारणीने सांगितलं.

मग कॉनी टीचरकडे. त्या ओट्यावर मशीन घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, शनिवारच्या माझ्या तिकिटाचे बारा आणे बाईंना द्यायचे राहिले.

म्हणाल्या, असू द्या हो, तुम्ही बसलातच न्हाय. मग पाय न थांबवता, मशीन चालवत बोलत राहिल्या. इंटरव्हलला एक बाप्या आला, खुर्ची रिकामी हाय तर द्या म्हणाला, भांडला पण. सुगंधाने न्हाय दिली. पिशवी ठेवली होती वर. येतायत म्हणाली. मी बोलले, अगं आता काय येतात, अर्धा झाला. तर म्हणते, येतायत. शेवटचं गाणं झालं तरी पिशवी उचलली न्हाय तिने.

मशीनच्या पाटावर बारा आणे ठेवले.

त्या परत द्यायला लागल्या. म्हटलं, राहू दे, खुर्ची माझीच होती.