अर्धवट कडं

नाशिक

हर्षल,

एमआरआयमध्ये अण्णांच्या मेंदूत गाठ दिसली, तेव्हा आई म्हणाली, "ऑपरेशनआधी त्यांच्या हातून तुझं कन्यादान होऊ दे." तू ओझरहून येऊन मला मागणी घालणार होतास. तेवढंही कोणी थांबलं नाही. आठवड्याच्या आत मी कळवणची सून झाले.

काल बायोप्सीचा रिपोर्ट आला. गाठ नाहीच, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे. नव्या डॉक्टरांनी फिल्मवरचं पांढरं कडं दाखवलं. "हे एका बाजूला उघडं आहे. गाठीचं बहुतेक वेळा पूर्ण असतं." आजार जन्मभराचा, पण अण्णा जगतील.

आईने पेढे आणले. अण्णांनी माझा हात धरून विचारलं, "दीपा, आपण घाई तर नाही ना केली?"

मी त्यांना पेढा भरवला.

हे पत्र न टाकणारी,
दीपाली