कॅरमवरची वाटी

पापडी, वसई
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जुलीबाय,

तुझ्या घरात प्रभूची शांती नांदो. फर्डिनंड भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना त्यांना त्रास होतो, असं तुझी वहिनी सालोमी सांगत होती. इथे आम्ही सर्व बरे आहोत. अवकाळी पावसानं वाडीतली केळी थोडी आडवी झाली, मोगरा मात्र सावरला. शर्लीची परीक्षा संपली.

पापडीहून विरारला पत्र पाठवणारा माणूस आजच्या काळात वेडाच म्हणायचा. पण गेले दोन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस. तक्रार करत नाही. फोन न उचलण्याबद्दल तुला काही बोलायचा हक्क मला नाही, हे पुढे वाचशील तेव्हा कळेल.

दफनभूमीत त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल लिहायला बसलोय. ते सांगायचं तर आधी ऑक्टोबरमधलं सांगायला हवं.

एका शनिवारी मी वाडीतून लवकर परत आलो. पडवीत शर्ली आणि तिच्या दोन मैत्रिणी आपल्या जुन्या कॅरमभोवती बसल्या होत्या. तोच कॅरम, ज्यावर तू मला कायम हरवायचीस. कडेनं खडूनं इंग्रजी अक्षरं लिहिलेली, मध्ये स्टीलची वाटी उपडी आणि वाटीवर तिघींची बोटं. आत्मा बोलवत होत्या. मी केवढा संतापलो! मैत्रिणींना घरी पाठवलं, शर्लीला तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच पुन्हा. शौल राजाची गोष्ट सांगितली. ज्यानं स्वतःच मांत्रिकांना देशाबाहेर हाकललं, तोच वेष बदलून एन-दोरच्या बाईकडे गेला आणि मेलेल्या शमुवेलाला वर बोलाव म्हणाला. "आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांना जाब विचारत नाही," हे माझंच वाक्य. मुलं गप्प बसून ऐकत होती. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

कॅरम मी माळ्यावर टाकला. अक्षरं पुसली नाहीत. पुसायला हवी होती.

बाय, आई गेल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मरणाऱ्याला लावतात ते फादरच्या हातचं पवित्र तेल न लागता ती गेली. आयुष्यभर चर्चमधली पहाटेची मिस्सा न चुकवणारी बाई, आणि शेवटच्या घटकेला तिला अभ्यंग नाही. तिला शांती मिळाली असेल का? मी मिस्सा अर्पण करायचो, रोज रोझरी म्हणायचो, पण उत्तर काही येत नव्हतं. प्रार्थनेला असं उत्तर येत नसतं, हे मुलांना शिकवणं सोपं आहे.

पुढच्या गुरुवारी दुपारी सालोमी कामावर होती. मी माळ्यावरून कॅरम खाली काढला. शर्ली बघतच राहिली.

"पप्पा, हे काय?"

"बस इथे. कोणाला सांगू नकोस."

"पण तुम्हीच तर म्हणालात ना, पाप आहे म्हणून?"

"बस म्हटलं ना."

माझ्याच मुलीला, जिला मी पाच दिवसांपूर्वी त्याच गोष्टीसाठी शिक्षा केली होती, मी समोर बसवलं. लाज कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण मी बोरिक पावडर टाकत होतो, वाटी नीट सरकावी म्हणून. डोळे मिटले आणि विचारलं, "आई, फादरना वेळेवर कोणी बोलावलं नाही?"

वाटी सरकली. मी डोळे उघडले तेव्हा ती 'जे' या अक्षरावर होती. जुलियाना.

आईला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, बाय. बसवरचा नंबरसुद्धा ती दुसऱ्याला विचारायची. हे माझ्या मनातही आलं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मग दोन नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस. मी सकाळीच जाऊन आईची कबर धुतली, मोगऱ्याचा क्रूस मांडला. तू शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन विरारहून आलीस आणि नेहमीसारखी म्हणालीस, "काय रे पोप, मला जागा ठेवलीस की नाही?" आणि मी सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणालो, "आता फुलं आणून काय उपयोग? तेव्हा फादरना आणायचं होतं. आईनं सांगितलंय मला."

"आईनं? कधी?"

मी वाकून मोगऱ्याचा क्रूस सारखा करू लागलो. तू मेणबत्त्या शेजारच्यांच्या कबरीवर ठेवल्यास आणि कबरींवर पवित्र पाणी शिंपडायला फादर यायच्या आधीच निघून गेलीस.

संध्याकाळी शर्ली माझ्याजवळ आली. ती रडत होती. "पप्पा, जुली आत्याला तुम्ही असं का बोललात? मी तर बोट केव्हाच काढलं होतं. तुमचे डोळे मिटलेले होते. वाटीवर तुमचं एकट्याचंच बोट होतं."

मी तिला गप्प बस म्हणालो. दहा दिवस तिच्याकडे धड पाहिलं नाही. पुढच्या रविवारी वर्गात मुलांना नुसती गाणी म्हणायला लावली. काल शेवटी माणिकपूरला जाऊन, ओळख नसलेल्या फादरांकडे पापांची कबुली दिली, कुमसार केला. आपल्या फादरांसमोर धाडस झालं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटी तुम्ही ढकललीत. मग बहिणीकडेच का ढकललीत?"

मला तिथे जे सांगावं लागलं ते तुला सांगायचं राहिलंय. तीन पानं झाली, अजून मी त्यावरच आलो नाही.

गेल्या वर्षीची सहा डिसेंबरची दुपार. तू आईजवळ होतीस. मी चर्चच्या हॉलमध्ये नाताळचा गोठा बांधत होतो. दोन वेळा फोन वाजला. मी तुला सांगितलं होतं की हॉलमध्ये रेंज नव्हती. रेंज होती, बाय. दोन्ही वेळा तुझं नाव मी पाहिलं. त्या आठवड्यात तू तीनदा बोलावलं होतंस, तिन्ही वेळा मी धावत आलो आणि आई उठून पेज खात होती. मला वाटलं, पुन्हा तेच. हाताला गवत चिकटलं होतं. फादर शेजारीच उभे राहून म्हणत होते, "मार्सेल, यंदाचा गोठा बघायला लोक लांबून येतील." मी फोन खिशात टाकला.

फादर माझ्या शेजारीच होते. दोन हातांवर. मी फोन उचलला असता तर पाच मिनिटांत तेल घेऊन ते आईजवळ असते.

हे मला वर्षभर माहीत होतं. वाटीतून आई बोलली नाही, कोणी सैतानही बोलला नाही. मीच बोललो. आईच्या तोंडी माझं खोटं घातलं आणि ते तुझ्यावर फेकलं. ते फादर म्हणाले, देवाची क्षमा इथे मिळाली, पण बहिणीकडे तुम्हाला स्वतः जावं लागेल. मी तुझ्या दारापर्यंत यायचा विचार केला, पण तू दार उघडून नुसती पाहत राहिलीस तर मी काय करू, हे मला सुचेना. म्हणून आधी पत्र.

आज सकाळी शर्लीला सोबत घेऊन कॅरम पाण्यानं धुतला. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आत्याला सांगा आधी." मग चर्चमध्ये गेलो. पुढच्या महिन्यातल्या आईच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेसाठी वहीत माझं एकट्याचं नाव होतं, त्याच्या वर तुझं लिहिलं. तू आलीस तर त्या दिवशी शेजाऱ्यांना मी स्वतः खरं सांगेन. नाही आलीस तरी सांगेन.

एकच विचारायचं आहे. त्या दुपारी आईजवळ तूच होतीस. ती काय म्हणाली, तिनं कोणाला हाक मारली, शेवटी तिच्या ओठांवर प्रार्थना होती का, हे मी तुला कधीच विचारलं नाही. घाबरत होतो. वाटीला विचारलं, पण तुला नाही. तू सांगशील ते मी ऐकेन. तिनं मला हाक मारली असेल तर तेही सांग.

तुझा फोन येईल तेव्हा पहिल्या रिंगला उचलेन.

तुझा,
हॉलमध्ये रेंज असलेला भाऊ,
मार्सेल