उर्वरित यंत्र जमा करण्याबाबत

दिनांक : ५ डिसेंबर १९८३

प्रति,
मा. अधीक्षक,
रेडिओ परवाना तपासणी कार्यालय,
घाटकोपर विभाग.

विषय : श्रीमती मालन धाकू परब, राहणार नाहूर, यांच्या श्रवणयंत्राची जप्त केलेली डबी तात्काळ परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली दि. २८ नोव्हेंबरची नोटीस, ‘विनापरवाना रेडिओचा उर्वरित भाग सात दिवसांत जमा करणे’.

महोदय,

कीर्तनात पूर्वरंग लांबला की श्रोते चपला शोधू लागतात. म्हणून अर्जदार नमन उरकून थेट आख्यानाला हात घालतो.

१. अर्जदार पवई येथे बहिरेपणावर संशोधन करतो. हे खूळ त्याच्या डोक्यात कीर्तनातच शिरले. मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांची टाळी नामगजरात इतरांच्या हाताकडे पाहून, किंचित उशिरा पडे. त्या उशिराने त्याला चैन पडू दिली नाही. मेलेल्या कानासाठी हा काय संजीवनी आणणार, असे सहकारी हसले. हसू देत. अर्जदाराची सारी नोकरी त्या एका टाळीमागे गेली.

२. मालनबाईंचे कान क्षयावरच्या इंजेक्शनांनी गेले. गेल्या साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या आतल्या कानात केसासारखी तार आणि कानामागे कातडीखाली तारेचे वेटोळे बसवले. कमरेची डबी बाहेरचा आवाज टिपून कातडीवरून त्या वेटोळ्याला पोचवते. बोलणे उमगत नाही, ठेका कळतो. नाहूरच्या दत्तमंदिरात पहिला गजर झाला तेव्हा मालनबाईंनी डोळे मिटून टाळी धरली, आणि ती सर्वांबरोबर पडली. मग म्हणाल्या, “टाळ इलो, डॉक्टरानू. शब्द येतले मागसून.” अर्जदाराने आपल्या पदव्या त्या टाळीवरून ओवाळून टाकल्या.

३. आपले निरीक्षक श्री. चंद्रप्रकाश परवाने तपासत चाळीत आले तेव्हा मालनबाई डबीचे सेल बदलत होत्या, म्हणजे ठार बहिऱ्या होत्या. हा रेडिओ आहे ना, लायसन नाही ना, या दोन्ही प्रश्नांना त्यांनी मान डोलावली. बहिरे माणूस न कळलेल्या गोष्टीला हो म्हणते. पुन्हा विचारायला लावण्याची त्याला लाज वाटते. त्या मानेचा कबुलीजबाब झाला. यजमान धाकू परब आडवे आले, साहेबानू, तिका काय ऐकाक येना नाय, म्हणून विनवू लागले. त्यावर आपले निरीक्षक म्हणाले, “ऐकू येत नाही ना, मग रेडिओ कशाला पाळलाय?” आणि डबी घेऊन गेले.

४. अर्जदार आपल्या कार्यालयात आला. परवाना हवा तर पूर्ण यंत्र दाखवा, असे सांगण्यात आले. उरलेले यंत्र बाईंच्या डोक्यात आहे म्हटल्यावर, “मग काढून आणा,” हे उत्तर मिळाले. पाठोपाठ नोटीस आली. महोदय, तो भाग कवटीच्या हाडाला बसवलेला आहे. आपल्याकडे अशा कामी कोणते हत्यार वापरतात, ते लेखी कळवावे. अर्जदाराच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून येथे लिहायचे शब्द लिहिलेले नाहीत. जागा तेवढी सोडली आहे :

. . . . . . . . . . . . . . . .

५. काल गजरात मालनबाईंची टाळी पुन्हा उशिरा पडली. डोळे उघडे, नजर शेजारणीच्या हातावर. दत्तजयंतीचा कीर्तनसप्ताह पुढल्या आठवड्यात बसतो. सवयीने आलेला टाळ सवय तुटली की जातो. तो गेला तर पुन्हा बोलावणे अर्जदाराच्या विद्येत नाही.

६. नोटिशीची मुदत आज संपते. अर्जदार कायदा मानणारा आहे, म्हणून उर्वरित यंत्र घेऊन आला आहे. ते बाहेर बाकावर बसले आहे. डबी जोडून तपासणी करावी. रीत सोपी आहे : आपण त्यांच्या पाठीमागे उभे राहून टेबलावर ठेका धरावा. टाळी आपल्याबरोबर पडली, तर हा रेडिओ की कान, हे आपणच ठरवावे. डबी द्यायची नसल्यास उर्वरित यंत्र ताब्यात घेऊन रीतसर पोच द्यावी. त्याचा आज सोमवारचा उपास आहे, चहा चालतो.

निकाल लागेपर्यंत त्याच बाकावर बसून राहणारा,
अर्जदार
डॉ. सहदेव आजगावकर, मुलुंड

सोबत :
१) जप्तीच्या पावतीची नक्कल.
२) डोक्याचा एक्स-रे.
३) उर्वरित यंत्र, मालनबाईंसह. परत करण्याच्या अटीवर.