रस्त्यापलीकडचं रिव्हॉल्व्हर

३ मार्च, मंगळवार
ताजी बातमी: हॉबर्टकाका येता शुक्रवार काही पाहत नाहीत. दुजोरा घरी येणाऱ्या नर्सचा. फार वाईट वाटलं. भिंतीवर रिव्हॉल्व्हरसाठी खिळा ठोकला.
रिव्हॉल्व्हर आजोबांचं, सध्या काकांकडे. काका टेनेसीत, मी व्हर्जिनियात. मध्ये फक्त मेन रोड, पण राज्याची सीमा त्याच्याच मधोमध. विकत घ्यायचं तर माझ्या बाजूच्या परवानाधारक दुकानातून, सरकारी चौकशी करून. भेट दिलं तरी तेच. मृत्युपत्राने आलं तर मात्र सूट, थेट हातात. कायदा मी स्वतः वाचला आहे. अर्ध्या पानापर्यंत. पुढे तेच तेच असतं.

४ मार्च
बझच्या बंदुकांच्या दुकानात सहज गेलो. त्याला कायदा समजावला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, सूट सीमेपुरती आहे डेल, तुझ्यापुरती नाही. बायकोला मारल्याची शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगताच येत नाही. काकाने देऊ दे नाहीतर सांताक्लॉजने. गिऱ्हाइकं हसली.
बझला धंद्याची काळजी, दुसरं काय.
बायकोचा, म्हणजे नदीनचा, जबडा मोडला हे खरं. पण माझंही मनगट पुढे कित्येक दिवस दुखत होतं. त्याची कोर्टात नोंदसुद्धा नाही.

६ मार्च, शुक्रवार
काका जिवंत. नर्सवरचा विश्वास उडाला.
काकांना सूट नीट समजावली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मृत्युपत्रात नाव असलं की व्हर्जिनियातल्या माणसालाही थेट मिळतं? म्हटलं, थेट. बझचं तोंडही बघायला नको. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, पण तुला कशाला हवंय रे? म्हटलं, भिंतीवर टांगायला. आणि नदीनला एकदा दाखवीन म्हणतो. हल्ली ती दाराची साखळी न काढताच बोलते. घटस्फोट झाला तरी माणुसकी राहायला हवी.
काका बराच वेळ खोकले. म्हणाले, वकीलबाईंना फोन लाव, बाळा.
मीच लावून दिला. नंबरही मीच शोधला.

९ मार्च
कळलं की नदीन रोज काकांना चिकन-डंपलिंग करून नेते. मरणाऱ्या माणसाच्या वस्तूंवर डोळा! लोक किती हलकट असतात.
संकल्प: उद्यापासून रोज काकांपाशी बसणे.

१० मार्च
बास्केटबॉलची मॅच होती. उद्यापासून.

१४ मार्च, शनिवार
काका पहाटे गेले. उशाशी नदीन होती. मला कोणी उठवलं नाही. नर्स म्हणते, फोन केला होता. असेल.
पहिला खिळा वाकडा निघाला. नवा ठोकला. चर्चच्या जेवणात सगळ्यांना त्याबद्दल सांगितलं.

१९ मार्च
वकीलबाईंनी मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. रिव्हॉल्व्हर नदीनला. तीही व्हर्जिनियातलीच, तेव्हा सीमेची सूट 'पुतण्या डेलने समजावल्याप्रमाणे'. पुतण्या डेलला रिव्हॉल्व्हरची पेटी. रिकामी. 'कायद्याने त्याला एवढंच बाळगता येतं.'
बझ मागच्या खुर्चीत होता. त्याला का बोलावलं, कळत नाही.
नदीन म्हणाली, खिळा राहू दे डेल, टोपीला होईल. बोलताना तिचा जबडा अजून जरा तिरका होतो. मुद्दाम करते.
रविवारी तिच्या घरी जाऊन शांतपणे बोलायचं ठरवलं. निघताना वकीलबाईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, जरूर. शनिवारी ती बझकडे नेम शिकायला जाणार आहे. रविवारी दिवसभर घरीच असेल. साखळीही लावणार नाही म्हणाली.
रविवारी पावसाचा अंदाज आहे.