नकाशातलं बारावं ठिकाण

ग्रे कोव्ह, न्यूफाउंडलंड
१९ जुलै

प्रिय फिलोताई,

सेंट जॉन्सच्या त्या तिसऱ्या मजल्यावर चढउतार करताना तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत.

यंदा केपलिन मासे उशिरा आले, पण आले ते असे की सगळा किनारा चमचमत होता. अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं. मिसेस हायन्स पाण्यात घसरून पडल्या आणि उठायच्या ऐवजी तिथेच बसून झाऱ्याने मासे भरत राहिल्या. मागोमाग देवमासेही आले. बंदराच्या तोंडाशी एक हिमनग तीन आठवडे अडकून होता; परवा दुपारी दुभंगला, तेव्हा माझ्या खिडक्या थरथरल्या.

पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत. सकाळी तळलेले टूटन पाव खाताना ते पर्यटकांचा नकाशा पसरून विचारतात, आज काय बघू? मी ओहोटीला खडकाची कमान सांगतो, दीपगृहाच्या टोकावरून देवमासे सांगतो, माळावरची बेकॲपलची फळं पिकायला अजून पंधरा दिवस आहेत म्हणतो. बारावं ठिकाण कुठलं म्हणून विचारलं, की ते बंद आहे असं सांगून चहा आणायला आत जातो.

ताई, एवढं लिहून मी दोनदा उठलो. एकदा अंगणातला दोर बांधला, एकदा उगाच चूल पुसली. आता उठत नाही.

नकाशा काढायला शहरातून आलेली ती बाई माझ्याकडे चार दिवस उतरली होती, हे तुला ठाऊक आहे. मी तिला सगळं दाखवलं. कमानीखाली उभं केलं, दीपगृहावर नेलं. तिने फोटो काढले आणि परत येताना गोड हसून म्हणाली, "छान आहे हो. पण असं या किनाऱ्यावर प्रत्येक गावात आहे." मला ते झोंबलं. आपल्या गावाला कुणी चारचौघांसारखं म्हणावं, आणि मी गप्प बसावं? मी म्हणालो, "चला, प्रत्येक गावात नसलेलं दाखवतो."

पफिन पक्ष्यांच्या टोकावर तिला मी नेलं, ताई. अँब्रोजने नाही.

मी दहा वर्षांचा असताना जी पायवाट तू मला दाखवलीस, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीस, त्याच वाटेने. पिल्लांसाठी चोचीत मासे धरून पक्षी आपल्या पायाशी उतरत होते आणि ती बाई तोंडावर हात धरून उभी होती. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. खाली पाण्यात अँब्रोजची होडी होती. त्याने मान वर करून आम्हाला पाहिलं. मी हातसुद्धा केला त्याला.

तिने ते टोक नकाशात बारावं ठिकाण म्हणून छापलं; पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन उन्हाळे माणसं त्या गवतावरून चालली आणि खालची पक्ष्यांची घरटी असलेली बिळं खचत गेली. शाळेत शिकवून झाल्यावर एकोणीस वर्षं तू ती मोजलीस. एकशे चाळीसची अकरा झाली. चिरडलेलं पिल्लू रुमालात घेऊन तू गावच्या हॉलमध्ये सभेला आलीस, त्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर होतो.

तू अँब्रोजला विचारलंस, "त्या बाईला होडीतून कोण फिरवत होतं?"

"मी," तो म्हणाला.

"मग टोक तिला कुणी दाखवलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "ते मी सांगणार नाही, फिलो."

तू तो कबुलीजबाब समजलीस. सगळेच समजले. तुमच्या लग्नाला सात आठवडे उरले होते, आणि तू त्याची अंगठी काढून चहाच्या टेबलावर ठेवलीस. मी तेव्हा उठू शकत होतो. मी बुटाची नाडी बांधत होतो.

तुला बसवर सोडायला मीच आलो. गाडीत तू म्हणालीस, "फॉन्स, निदान तू तरी खोटं नाही बोललास माझ्याशी." मी म्हणालो, पुढे रस्त्यावर मूस हरणं येतात, ड्रायव्हरला जपून चालवायला सांग.

चार वर्षं झाली. अँब्रोजच्या होडीत गावातलं कुणी बसत नाही. तरी दर वसंतात तो एकटाच टोकावर जातो, वाट अडवायला दोर लावतो, खचलेल्या जागी गवताची ढेकळं बसवतो. आता त्याने होडी विकलीय. दोन ऑगस्टला अल्बर्टाला भावाकडे चाललाय, कायमचा. हे कळल्यावर मी धक्क्यावर गेलो आणि त्याला विचारलं, तू माझं नाव का नाही घेतलंस?

तो जाळं गुंडाळत होता. म्हणाला, "आईबापांमागे तिला तू एकटाच उरला होतास. मला वाटलं, तू स्वतः सांगशील. आठवडाभरात सांगशील."

बुधवारी हॉलमध्ये सभा होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मिसेस हायन्सनी नेहमीसारखा चहा माझ्यापुढे ठेवला, फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. अँब्रोज आला नव्हता.

तुला फोन दोनदा लावला. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. म्हणून हे कागदावर.

यंदा बिळं नऊ आहेत. मी दोरीबाहेरून मोजली, चुकली असतील. पक्षी परत येतील की नाही, मला माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. माफी मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही. पण अँब्रोज दोन तारखेच्या सकाळच्या बसने जाणार आहे. त्याचा नंबर तोच आहे. मी हे लिहितोय ते त्याला ठाऊक नाही.

आणि ताई, तुला गाव सोडायला लागलं ते माझ्यामुळे. उत्तर दिलं नाहीस, तरी ते मला समजेल.

त्या बाईला टोक दाखवणारा,
फॉन्स