तारखेची जागा मोकळी

दि. ५ ऑगस्ट २०१२, रविवार. सकाळी पत्नीच्या कबरीवरचे गवत काढले. दुपारी तिघांच्या तक्रारी लिहून घेतल्या. चार वाजता हे लिहायला बसलो.

मी, लोह कोक ताय, वय एकाहत्तर, राज्य विधानसभेचा सदस्य, राहणार सुंगाई लिंताह नवे गाव, घर क्रमांक ११२, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. दडपणाखाली तीनदा सही केलेली असल्यामुळे दोन्हींतला फरक मला कळतो.

१. घर आणि बँकेतील रक्कम मुलगी पुई यान हिला. घर तिने विकावे. पुढची खोली मी गाव समितीचा चिटणीस होतो तेव्हापासून लोकांची आहे. तेव्हा ते गटारासाठी येत, आमदार झाल्यावरही गटारासाठीच आले. पत्नी सियू योक जेवणाचा वाडगा घेऊन मागे न्हाणीच्या दाराशी बसायची. पंचवीस वर्षे तिथेच जेवली.

२. माझे गमबूट मासळीवाल्या अंग मुई बाईंना. आमदाराला इथे वायबी, म्हणजे माननीय, म्हणतात. भर बाजारात त्या ओरडल्या होत्या, "वायबी, राज्य चालवता म्हणे! माझ्या दारातलं पाणी तेवढं हलत नाही!" पाणी अजून तिथेच आहे.

३. कपाटातल्या तीन कागदांच्या प्रती जाळाव्यात. प्रत्येक उमेदवारीआधी पक्ष सभापतींच्या नावे राजीनामा लिहून घेतो. सही आमची, तारखेची जागा मोकळी. कोणी फुटला तर तारीख पक्ष घालतो.

सियू योकचा आजार वाढला तेव्हा पक्षाचे प्रमुख ऊन साहेब यांना म्हणालो, "माझ्या कागदावर तारीख घाला."

ते हसले. "कोक ताय, एका मतावर सरकार उभं आहे. वहिनी समजून घेतील."

दुसरा कागद घेऊन मला स्वतःच राजीनामा लिहिता आला असता. लिहिला नाही. हे ऊन साहेबांवर ढकलायचे नाही.

२६ जूनला सकाळी इस्पितळातून तिचा फोन आला. "वायबी, हात वर करून झाला की या. येताना पपई आणा."

सभागृहात मतदान अकरा चाळीसला झाले. ती अकरा वीसला गेली होती.

४. पुढच्या निवडणुकीत माझ्या जागी पुई यानला उभे करायचे पक्षाने ठरवले आहे. ती शाळेत शिकवते. गेल्या रविवारी ऊन साहेब आले, सियू योकच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि तसाच कागद पोरीपुढे ठेवला. "नुसती औपचारिकता आहे गं." मलाही हेच सांगितले होते.

ते गेल्यावर तिने विचारले, "बाबा, करू सही? तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार."

मी चहा ओतत होतो. म्हणालो, "तुझं तू बघ."

माझे उत्तर 'नाही' असे आहे. सही करू नकोस. गटारांसाठी आमदार लागत नाही, अर्ज लिहिणारा लागतो.

वरील मजकूर माझ्याच हाताचा आहे. दोघा साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

लोह कोक ताय
साक्षीदार: १. एस. अरुळनाथन, निवृत्त शिक्षक. २. च्याम फूक सेंग, सायकल दुरुस्ती.
सुंगाई लिंताह, दि. ५ ऑगस्ट २०१२

सह्यांखालचे हे मृत्युपत्रात धरू नये. अरुळनाथन मास्तरांनी सही केली आणि म्हणाले, "वायबी, पक्षाचा कागद तिला उद्या सही करून द्यायचाय ना? मग चौथं कलम वाचायला तुमच्या मरणाची वाट बघायला लावणार का पोरीला?"

"मास्तर, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो."

"वाचला कुठे? तुम्ही लिहिताना पुटपुटता."

ते दोघे गेल्यावर चौथे कलम वेगळ्या कागदावर उतरवले. पुई यानच्या घराला कुलूप होते. कागद दाराखालून आत सरकवला आणि परत आलो.

उद्या सभागृह आहे. शर्टाला इस्त्री केली.