तिसऱ्या निर्धोक आहेत

१७ नोव्हेंबर, सोमवार
प्रयोगशाळेच्या डॉ. शमिका आमच्या मत्स्य कार्यालयात आल्या होत्या. खाडीतल्या तिसऱ्यांचे, म्हणजे खायच्या शिंपल्यांचे, पाच नमुने तपासले. दोनांत विष, तिनांत नाही. शिजवूनही जात नाही म्हणे. खात्रीने सांगता येणार नाही, पण आठवडाभर विक्री थांबवा, म्हणाल्या. खात्री नाही तर आल्या कशाला? तीन विरुद्ध दोन. बहुमत स्पष्ट आहे. साहेबांना एका ओळीत लिहून दिलं: धोका सिद्ध नाही.

१८ नोव्हेंबर
साहेब खूश. बंदी नाही. पण गावभर अफवा, तिसऱ्यांना गिऱ्हाईक नाही. आयडिया! गुरुवारी मांडवी बंदरावर कॅमेऱ्यासमोर मी स्वतः खाणार. नेतृत्व म्हणतात ते हेच. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट पुन्हा वाचला. ‘श्वास बंद पडू शकतो’ हे वाक्य बाईंनी उगाच घातलंय. मी घाबरलेलो नाही. ॲसिडिटी आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी लक्षात आलं, मी गुरुवार पाळतो. आजपासून. आमचा शिपाई जानू याला पुढे केलं. नको नको करत होता. कंत्राटी आहे. म्हटलं, पर्मनंटची फाइल माझ्याच टेबलावर आहे रे. त्याने दोन प्लेटा संपवल्या. फोटो झकास. निळा शर्ट उठून दिसतोय.

संध्याकाळी
जानू म्हणतो, सायेब, व्हटांना मुंग्या येतायत, जीभ जड झालीय. म्हटलं, कॅमेऱ्याची सवय नाही तुला. घरी जा, लिंबूपाणी घे.

२१ नोव्हेंबर
जानू पहाटे हॉस्पिटलमध्ये वारला. श्वास बंद पडला. वाईट वाटलं. पण कारण अनिश्चित आहे. तंबाखू खायचा. प्रेसनोट तयार ठेवली.

२२ नोव्हेंबर
सांत्वनाला गेलो. त्याची बायको मालन विचारते, तुमी का नाय खाल्लात? म्हटलं, गुरुवार होता. म्हणाली, त्यांचा पन व्हता. लग्नाआधीपास्नं पाळीत.
दुःखात माणूस काहीही बोलतो.

२४ नोव्हेंबर
बंदी लागू. साहेबांनी शमिकाबाईंना विचारलं, आता खात्री आहे ना? माझ्याकडे बघत हो म्हणाल्या. मी भर मीटिंगमध्ये ठणकावलं: हीच खात्री आठवड्यापूर्वी दिली असतीत तर आमचा माणूस वाचला असता! सगळे आपापल्या फायली चाळू लागले. मुद्दा पटला असावा.

२६ नोव्हेंबर
नवा शिपाई मागितला. पर्मनंट करतो म्हटलं तरी माझ्या हाताखाली यायला कोणी तयार नाही. शेवटी चहा करायला मीच उठलो. जानू साखर कुठे ठेवायचा, ऑफिसात कुणालाच माहीत नाही.